घरच्या घरी लाँगआर्म : गोधडीच्या धंद्याचं वर्षभराचं गणित

मऊ लुगडं | ९ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या घरातून मी लाँगआर्म मशीनवर गोधड्या शिवून देते. या आठवड्यात ओळखीतल्या तिघीजणींनी विचारलं, "मशीन घेऊ का?" तिघींनीही किंमत विचारली, जागा किती लागते ते विचारलं, हप्ता किती बसेल ते विचारलं. एप्रिलमध्ये काय करतेस, ऑगस्टमध्ये काय करतेस, हे एकीनंही विचारलं नाही. माझ्या मते पुण्यात हा धंदा करायचा तर पहिला प्रश्न तोच आहे. म्हणून हा धागा काढतेय. वर्ष जसं पुढे सरकेल तसं लिहीत जाईन, तुम्हीही भर घाला.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. घरातल्या साध्या मशीनवर मशीन जागेवर असतं आणि कापड आपण सरकवतो. सुईपासून खांबापर्यंत सहा-सात इंचांची जागा मिळते, त्यात डबल बेडची गोधडी गुंडाळून कोंबायची म्हणजे खांदे भरून येतात. लाँगआर्मवर उलटं. गोधडीचे तिन्ही थर, म्हणजे वरचा तुकडे जोडलेला भाग (टॉप), मधलं भरण (बॅटिंग) आणि खालचं अस्तर, लांब फ्रेमच्या रोलरांवर ताणून बसवायचे आणि मशीनचं डोकंच रुळांवरून फिरवायचं. माझ्या मशीनचा गळा, म्हणजे सुईपासून खांबापर्यंतची जागा, अठरा इंची आहे. पूर्ण मापाची फ्रेम बारा फुटांची असते, माझी दहा फुटी आहे कारण आमचा हॉल त्याहून मोठी घेऊ देईना.

पुढून दोन्ही मुठी धरून मनाने नक्षी काढता येते. मागच्या बाजूने पॅन्टोग्राफही करता येतो : कागदावर नक्षी असते, लेझरचा लाल ठिपका तिच्या रेषेवरून चालवायचा, पलीकडे कापडावर तशीच नक्षी उमटत जाते.

आता मुख्य गोष्ट. माझी निम्म्याहून जास्त कमाई मी स्वतः विकलेल्या गोधड्यांची नाही, तर दुसऱ्या बायकांनी जोडून आणलेल्या टॉपना टाके घालून देण्याची आहे. त्यांच्याकडे तुकडे जोडायची हौस आणि हात दोन्ही असतं, पण तीन थर एकत्र शिवताना त्या अडतात. वर्षभर हात हलता राहतो तो या कामावर. दिवाळीत गोधड्या विकू, या एका हिशेबावर मशीन घेऊ नका.

नवी सुई | ९ फेब्रुवारी २०२५

ताई, त्या तिघींपैकी मी एक! धायरीला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, हॉल ११ बाय १६. बसेल का?

मऊ लुगडं | १० फेब्रुवारी २०२५

दहा फुटी फ्रेम सोळा फुटांच्या बाजूने लाव. पण लांबीपेक्षा अडचण रुंदीची असते. फ्रेमच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे तुला उभं राहून चालता आलं पाहिजे, दोन-अडीच फूट तरी मोकळे हवेत. भिंतीला चिकटवलीस तर पॅन्टोग्राफ विसर. आणि सोफ्याचं काय करायचं ते घरातल्यांशी आधी बोलून घे. आमच्याकडे पाहुणे आले की ते फ्रेमच्या खाली सतरंजी टाकून बसतात, चार वर्षांत सवय झाली. पण सासूबाईंनी मनापासून हो म्हटलं होतं म्हणून ते निभलं.

गणिती | १० फेब्रुवारी २०२५

दर कसा लावता? नगावर की मापावर?

मऊ लुगडं | १० फेब्रुवारी २०२५

मापावर, चौरस इंचाला. समजा ६० बाय ९० ची गोधडी आहे, म्हणजे ५,४०० चौरस इंच. कडेपासून कडेपर्यंत एकच नक्षी असेल तर मी ४५ पैसे लावते, २,४३० रुपये होतात. बॅटिंग, अस्तर, दोरा वेगळा. प्रत्येक चौकोनात निराळी नक्षी हवी असेल तर दर दुप्पट होतो, कधी जास्तच. सुरुवातीला मी नगावर घ्यायचे आणि मोठ्या गोधड्यांत मार खायचे.

एक बारीक गोष्ट, पण पैसे वाचवणारी : अशी गोधडी फ्रेमवर आडवी चढवायची. ९० इंचांची बाजू रोलरवर घेतली तर खाली गुंडाळायला साठच इंच उरतात. अठरा इंची गळ्यात प्रत्यक्ष बारा-तेरा इंचांची ओळ मिळते, म्हणजे पाच ओळींत काम होतं. उभी चढवली तर सात-आठ ओळी. दर ओळीला गुंडाळा, ताण बघा, कडा सरळ करा, यात वीस मिनिटं तरी जातात. आणि अस्तर न् बॅटिंग चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त मागून घ्या. बायका टॉपच्या मापाचं अस्तर कापून आणतात आणि मग पकडायला जागाच राहत नाही.

कातरवाला | १२ फेब्रुवारी २०२५

मी शिलाई मशीनची दुरुस्ती करतो, चाळीस वर्षं झाली. ताईंनी सगळं बरोबर लिहिलंय, फक्त विजेचं राहिलं. परदेशातून जुनं मशीन आणणार असाल तर मागची पट्टी आधी वाचा. अमेरिकेत ११० ते १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. सरळ प्लग लावला की आतलं सर्किट गेलंच. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर चांगल्या वॅटचा घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार नुसती शोभेची असते. आणि गुरुवार! दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार. ओळीच्या मध्यात वीज गेली तर सुई कापडात रुतून राहते. यूपीएस पाच मिनिटांचा असला तरी चालेल, निदान ओळ संपवून सुई वर घेता येते.

मऊ लुगडं | १७ एप्रिल २०२५

आज मन जड आहे, पण लिहिते, कारण याच दिवसांसाठी धागा काढला होता.

मागच्या आठवड्यात एक ताई त्यांच्या आईच्या इरकल लुगड्यांचा टॉप घेऊन आल्या. आई गेल्याला वर्ष झालं. पाच लुगडी, सगळी धुऊन धुऊन दुधाच्या सायीसारखी मऊ झालेली. मी मागून फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं पातळ कापड) लावून घेतलं होतं, लाल काठ वेगळे काढले होते, नक्षीही मोकळी निवडली होती, अडीच-तीन इंचांच्या अंतराची, कारण जुन्या कापडावर दाट टाके पडले की कापड टिकलीच्या पाकिटासारखं रेषेवरून फाटतं. एवढी सगळी काळजी घेतली आणि घोळ दोऱ्याने केला.

दुपारी अडीच वाजले होते. बाहेर ऊन रणरणतंय, वर पंखा फुल. सुती दोरा तुटायला लागला. एका ओळीत अकरा वेळा. मी वरचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) सैल केलं. तुटायचा थांबला, मला बरं वाटलं, आणि मी तीन ओळी पुढे गेले. गुंडाळताना खालून हात फिरवला तर अस्तराला जागोजागी फासे लोंबत होते. टेन्शन सैल केल्यावर वरचा दोरा खाली ओढला जातो हे मला ठाऊक नाही असं नाही. घाई होती, बघितलं नाही, एवढंच.

तीन ओळी उसवल्या. शेवटच्या ओळीत उसवणीचं टोक अडकलं आणि हिरव्या लुगड्याला बोटभर चीर गेली.

त्याच रात्री फोन केला. लपवून ठिगळ लावता आलं असतं, पण ते लुगडं माझं नव्हतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आईनं पण त्या लुगड्याला एकदा रफू केलं होतं, पदराजवळ बघा." पाहिलं तर खरंच, काळ्या दोऱ्याचं बारीक जाळीसारखं रफू. त्यांनी पदराचा उरलेला तुकडा पाठवला, मी चिरेवर हाताने बसवला. शिलाईचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून प्रत्येक ओळीनंतर खालून हात फिरवते आणि टॉर्च मारून बघते. पण एक कळत नाही : हाच दोरा, हीच सुई, जानेवारीत दोरा एकदाही तुटला नाही. एप्रिलमध्येच का?

इचलकरंजीकर | १८ एप्रिल २०२५

ताई, मी लूमच्या शेडवर जॉबर (मागांची देखरेख करणारा) होतो, आता निवृत्त. तुमचा दोरा खराब नाही, तहानलाय बघा.

सुताच्या अंगात पाणी असतंय. आपण कोरडं म्हणतो त्या कापसातसुद्धा. हवेत ६५ टक्के आर्द्रता असली की कापूस आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो, रेशीम अकराच्या आसपास, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. तुमच्याकडं एप्रिलच्या दुपारी हवा किती कोरडी असते? त्यात वर पंखा. सुतातलं पाणी उडून जातंय, धागा कडक होतोय, ताण सोसत नाही. म्हणून तर आमच्या शेडमध्ये छताला फवारे असतात, मुद्दाम हवा ओलसर ठेवतात. नाहीतर ताण्याचे धागे पटापटा तुटतील आणि माग उभे राहतील. कापूस ओला झाला की उलट जास्त मजबूत होतो. रेयॉनचं बरोबर विरुद्ध, ओला झाला की दम जातो त्याचा.

उपाय सोपा. दोऱ्याच्या रिळा झाकणाच्या डब्यात ठेवा, आत एका वाटीत ओलं फडकं, रिळाला लागू देऊ नका. रात्रभर राहू दे. सकाळी लवकर काम करा आणि पंखा मशीनवर सोडू नका. नाहीच जमलं तर उन्हाळ्यात पॉलिस्टर दोरा वापरा, त्याला हवेचं काही पडलेलं नसतं.

मऊ लुगडं | १८ एप्रिल २०२५

काका, नमस्कार करते तुम्हाला. चार वर्षं मी सुया बदलत बसले.

मऊ लुगडं | २ मे २०२५

कळवायचं राहिलं. डबा केला. आता सकाळी सहा ते अकरा शिवते, दुपारी फक्त कापणं, इस्त्री आणि हिशेब. पंधरा दिवसांत दोरा दोनदाच तुटला, त्यात एकदा चूक सुईची होती. जरीची तार लागून तिचं टोक वाकलं होतं.

जुन्नरची लेक | ३ मे २०२५

धागा वाचून गावाकडची आठवण आली. आमच्याकडे वाकळा चैत्र-वैशाखातच शिवायच्या. शेतात काम नसायचं, अंगण मोकळं, कापड खडखडीत वाळलेलं. पाऊस यायच्या आत वाकळ अंगावर आली पाहिजे असा आईचा हिशेब. अंगणात खाली धडसं लुगडं अंथरायची, वर जुनी धोतरं, फाटके सदरे, शेवटी परत लुगडं. चारी कोपऱ्यांना दगड. आणि आम्हा पोरांना त्यावर लोळायला सांगायची, म्हणजे थर बसतात. मग कडेने धावदोरा घालत घालत चार-पाच बायका आत सरकायच्या. बॅटिंग वगैरे काही नाही, जुनं कापड हाच मधला थर.

पेठकरीण | ३ मे २०२५

हे असं ऐकलं की मशीनची गोधडी नको वाटते. रागावू नका, पण हाताच्या टाक्याने कापड जरासं ओढलं जातं, बारीक सुरकुत्या पडतात, त्यात हवा धरली जाते, ऊब येते. मशीनच्या गोधड्या मी पाहिल्यात, पुठ्ठ्यासारख्या ताठ. पाच ठिकाणी टाका दाट, मध्ये कापड फुगलेलं. गोधडीचं नाव घेऊन रजई विकायची, हे मला पटत नाही.

मऊ लुगडं | ४ मे २०२५

रागावू कशाला, तुमचं अर्धं म्हणणं मलाही पटतं. मशीनचा टाका वरचा आणि खालचा असे दोन दोरे मिळून आवळतो, हाताचा धावदोरा एकाच दोऱ्याने वरखाली जातो. स्पर्श वेगळा येणारच. ताठपणा मात्र बहुतेक वेळा शिवणाऱ्याच्या निवडीने येतो : जाड बॅटिंग, जाड दोरा, दाट नक्षी. पातळ सुती बॅटिंग, बारीक दोरा, मोकळी नक्षी आणि दोन धुणी, एवढ्यावर माझ्या गोधड्या छान लोळतात. तुम्ही एकदा या, हाताने बघा.

आणि जुन्नरच्या ताईंनी लिहिली तशी चार-पाच थरांची वाकळ मी मशीनवर घेतच नाही. जुनं कापड थरांत सरकतं, सुईखाली चुण्या पडतात, आणि मुख्य म्हणजे तिला ते शोभत नाही. तसं काम आलं की आमच्या भागातल्या दोन मावशी आहेत त्यांच्याकडे पाठवते, पैसे थेट त्यांना द्यायला सांगते. पिंजलेल्या कापसाचंही तेच. मोकळा कापूस एकमेकांत गुंतलेला नसतो, लांब अंतरावर टाके पडले की पहिल्याच धुण्यात गोळे होतात. मशीनसाठी सुईने ठोकून एकजीव केलेली बॅटिंगच लागते.

पेठकरीण | ४ मे २०२५

मावशींकडे पाठवता हे वाचून बरं वाटलं. येते एकदा.

मऊ लुगडं | २८ मे २०२५

परवा, २६ तारखेलाच मान्सून पुण्यात आल्याचं जाहीर झालं. एरवी जूनचा दुसरा आठवडा उजाडतो. माझ्याकडे चौदा गोधड्या धुवायच्या राहिल्यात! अंदाज असा होता की मेअखेरपर्यंत सगळ्या एकदा पाण्यातून काढून उन्हात वाळवून देईन. आता बाल्कनीत दोन दोऱ्या आणि दिवसभर पंखा. सुती बॅटिंग पहिल्या पाण्याला तीन ते पाच टक्के आटते, म्हणून मी धुऊनच देते, नाहीतर गिऱ्हाईक घरी धुतं आणि म्हणतं, गोधडी लहान झाली.

यापुढे नियम करतेय : धुणी १५ मेच्या आत.

कातरवाला | २९ मे २०२५

पावसाळ्याचं मशीनचं सांगून ठेवतो. रुळ रोज काम संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. चाकांच्या बेअरिंगमध्ये कापसाची लव आणि दमट हवा एकत्र आली की चाक अडखळतं, आणि गोल काढायला गेलं की त्याला कोपरे पडतात. बायका म्हणतात हात बसला नाही, खरं तर चाक अडकलेलं असतं. बॉबिन बदलताना दर वेळी हुकजवळची लव ब्रशने काढा आणि तेलाचा एक थेंब सोडा, एकच. जास्त झालं तर ते तेल गोधडीवर येतं. मशीन दोन-तीन दिवस बंद राहणार असेल तर सुई काढून ठेवा, गंजते.

नवी सुई | २१ जून २०२५

आज पालख्या पुण्यात मुक्कामाला आहेत. अस्तर आणायला रविवार पेठेत जायचं होतं, बेत रद्द. वारकऱ्यांच्या पाठीवरच्या वळकट्या बघत बसले. किती जणांकडे वाकळ आहे अजून!

मऊ लुगडं | २२ जून २०२५

हे दोन दिवस मी कुणाला तारीख देतच नाही. आज पालख्या निघाल्या, उद्यापासून कुरिअर सुरळीत होईल. आणि माल आधी भरून ठेव. अस्तराचं रुंद पन्ह्याचं कापड मला रविवार पेठेत कापडगंजाकडे बरं मिळतं, पण आषाढात भिजत गठ्ठे आणणं काही खरं नाही.

पुलाची वाडी | २५ जुलै २०२५

बरोबर वर्षापूर्वी, २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांत शिरलं. माझ्या बहिणीचं शिलाईचं काम तळमजल्यावर होतं. मशीन वाचलं, पण खाली रचलेले कापडाचे गठ्ठे गेले. धंदा सुरू करणाऱ्यांनी एवढं ऐका : नदीकाठच्या भागात तळमजला असेल तर गिऱ्हाइकाचं कापड जमिनीवर ठेवू नका. आपलं गेलं तर भरून येतं, कुणाच्या आजीची साडी गेली तर काय आणून देणार?

मऊ लुगडं | २५ जुलै २०२५

अगदी. माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे तरी सगळं कपाटाच्या वरच्या दोन फळ्यांवर असतं. प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी सुती पिशवी, त्यावर नाव आणि आलेली तारीख. प्लास्टिकमध्ये नाही, आत घाम धरतो आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते जात नाहीत. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवते. पावसाळ्यात कुणी टॉप आणला की पहिल्यांदा नाकाला लावून बघते. कुबट वास आला तर परत देते, वाळवून आणा म्हणते. एक ओलसर टॉप आत गेला तर शेजारच्या चार पिशव्या धोक्यात येतात.

आषाढ-श्रावण नवीन कामाला मंद. मी याच दिवसांत नमुने करते, नव्या नक्षी घटवते, शिकवण्या घेते. बाळंतविड्याची दुपटी मात्र बारा महिने चालतात, बाळं काही मुहूर्त बघून येत नाहीत.

गणिती | १४ सप्टेंबर २०२५

पितृपक्ष चालू आहे. या पंधरवड्यात काम बंदच असेल ना?

मऊ लुगडं | १४ सप्टेंबर २०२५

मलाही पहिल्या वर्षी असंच वाटलं होतं. नवीन ऑर्डर खरंच एकही येत नाही. पण हाच माझा दुरुस्तीचा हंगाम आहे! घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची रीत आहे आपल्याकडे. २२ ला घटस्थापना. गोधड्या पाण्यातून निघतात आणि मग लक्षात येतं, इथे कड उसवली, तिथे अस्तर विरलं. गेल्या आठवड्यात नऊ आल्या.

त्यातली एक सांगते. भोरकडची वाकळ, तीस वर्षांची तरी असेल. कडेचा दोरा जाऊन एक कोपरा उघडा पडला होता. नवीन कड लावण्याआधी आतले थर सरळ करायला घेतले. वर निळं लुगडं. त्याखाली धोतराचा तुकडा, पिवळसर झालेला. त्याखाली खाकी कापड. नीट पाहिलं तर शाळेच्या हाफ पॅन्टचा खिसा, खिसा जसाच्या तसा, आतून हात घालता येईल असा. वाकळ घेऊन आलेले काका साठीचे. त्यांना बोलावून दाखवला. त्यांनी खिशात दोन बोटं घातली आणि म्हणाले, "ही माझी सातवीची." बराच वेळ बोटं तशीच ठेवून उभे होते. मग मला म्हणाले, "खिसा शिवू नका." मी कडेचा टाका खिशाला वळसा घालून नेला.

अशा कामाला चौरस इंचाचा दर लागत नाही. तासावर घेते, आणि हे काम मशीनचं नाही, हाताचंच.

जुन्नरची लेक | १५ सप्टेंबर २०२५

डोळ्यांत पाणी आलं हो ताई.

मऊ लुगडं | ४ ऑक्टोबर २०२५

दसऱ्याला, २ तारखेला दिवाळीच्या ऑर्डर बंद केल्या. लक्ष्मीपूजन २१ ला. मधले एकोणीस दिवस हातातलं काम संपवायला. काल दोघींना नाही म्हणावं लागलं, एक तर जवळच्या नात्यातली. पण पहिल्या वर्षी मी धनत्रयोदशीच्या रात्री दोन वाजेपर्यंत शिवत होते, आणि त्या तीन रात्रींतल्या दोन गोधड्या नंतर परत आल्या. झोप नसलेल्या माणसाने रुळांवर मशीन चालवू नये, रेषा लगेच कळते.

नव्यांसाठी : तारखा लिहिताना तिथी बघा. यंदा लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, पुढच्या वर्षी ८ नोव्हेंबरला, कारण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. इंग्रजी तारखेवर कच्च्या मालाची मागणी ठेवली तर अडीच आठवड्यांचा घोळ होतो.

परदेशी पाखरू | २१ डिसेंबर २०२५

न्यू जर्सीहून तीन आठवड्यांसाठी आलेय. आजीच्या साड्यांची गोधडी करून न्यायची आहे, ११ जानेवारीला विमान आहे. होईल का? आणि वजन किती भरेल?

मऊ लुगडं | २१ डिसेंबर २०२५

६० बाय ९० ची, पातळ सुती बॅटिंगची, दीड किलोच्या आतबाहेर. वजनाची चिंता नको. वेळेची आहे. टॉप जोडलेला असेल तर होईल, नुसत्या साड्या असतील तर या फेरीत नाही होणार. घाईत साड्या कापल्या की पुन्हा जोडता येत नाहीत. साड्या माझ्याकडे ठेवून जा, पुढच्या फेरीला न्या, असं सुचवेन. आणि येताना एक करा : प्रत्येक साडीवर पांढरं ओलं फडकं घासून बघा. रंग लागला तर ती साडी वेगळी ठेवा, एक लाल साडी सगळी गोधडी गुलाबी करते.

डिसेंबर-जानेवारी माझ्याकडे असेच असतात, तिकडून आलेली मंडळी आणि त्यांची परतीची तिकिटं. त्यात संक्रांतीचं काळं काम. बोरन्हाणासाठी काळी दुपटी मागतात. काळ्यावर पांढऱ्या बॅटिंगची लव सुईच्या भोकातून वर येते आणि तांदळाची कणी सांडल्यासारखी दिसते. काळ्यासाठी करडी किंवा काळी बॅटिंग वापरायची, नवी सुई घालायची, बॉबिनलाही काळाच दोरा.

परदेशी पाखरू | २२ डिसेंबर २०२५

टॉप नाहीये, नुसत्या साड्या आहेत, सात. ठेवून जाते. आजी म्हणते, घाईनं कापू नका.

गणिती | ३ जानेवारी २०२६

वर्षाच्या शेवटी एक विचारू? नोंदणी वगैरे काय केलंय?

मऊ लुगडं | ३ जानेवारी २०२६

उद्यम नोंदणी केली आहे. ती ऑनलाइन होते आणि फुकट, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. बँकेत चालू खातं काढताना उपयोगी पडली. शिलाईची सेवा म्हणून जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाखांची, मी तिच्या जवळपासही नाही. बाकी एक साधी वही : आलेली तारीख, माप, कापड, हवा कशी होती, दोरा कोणता, किती वेळा तुटला. हवेचा रकाना एप्रिलनंतर वाढवला.

नवी सुई | १० जानेवारी २०२६

ताई, मशीन घेतलं! वर्षभर हा धागा वाचून मग घेतलं. दहा फुटी फ्रेम, रुळ दोन तुकड्यांत आले म्हणून जिन्याने वर चढले, लिफ्टमध्ये काही केल्या मावत नव्हते. काल जोडलं. पण हात सोडला की डोकं आपोआप डावीकडे सरकतं. मशीन खराब आहे का?

कातरवाला | १० जानेवारी २०२६

मशीन चांगलं आहे, फरशी उतरती आहे. हॉलमध्ये बाल्कनीकडे पाणी जावं म्हणून उतार दिलेला असतो. पायाखालचे स्क्रू फिरवून डावी बाजू वर घ्या. मध्यभागी, दोन्ही टोकांना आणि आडवं, सगळीकडे तपासा.

मऊ लुगडं | १० जानेवारी २०२६

अभिनंदन गं! उद्या रविवार, सकाळी नऊला येते. गवंड्याची पाणसळ आणते, तू एक जुनी चादर आणि तसलंच अस्तर चढवून ठेव. टॉप नको, पहिल्या दिवशी कुणाचाही टॉप नको. आणि दोरा आज रात्रीच डब्यात ठेव, हवा कोरडी आहे.